जिरं-बडीशेपेचा चोथा सशांना घालताय? आधी हे वाचा

हे बघ, तेल काढून उरलेली कलौंजीची पेंड किंवा जिरं, धणे, बडीशेपेचा चोथा सशांना चालतो, पण एकदम वाटीभर टाकून मोकळं व्हायचं नाही. सशाचं पचन मागच्या आतड्यातल्या जंतूंवर चालतं, खाणं अचानक बदललं की ते जंतू बिघडतात आणि मग पोट फुगणं, जुलाब, पिल्लं पटापट जातात. त्यामुळे नेहमीच्या फीडमध्ये चिमूटभरापासून सुरू कर आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढव, दूध तोडलेल्या पिल्लांना तर त्या आठवड्यात काहीच नवीन नको. कलौंजीच्या पेंडीत प्रोटीन बऱ्यापैकी असतं, म्हणून ती सोयापेंडीच्या थोड्या भागाऐवजी चालते. बाकीच्यांचा चोथा जास्त करून फायबर. वास उग्र असतो ना, काही ससे तोंडच लावत नाहीत, पेलेटमध्ये, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्यांत मिसळलं तर निवडून बाजूला काढता येत नाही.

आणि माल घेताना मूठभर हातात घेऊन चोळून बघ, गोळा होत असेल, कुबट वास येत असेल तर सरळ परत कर, बुरशीचं विष उकळूनही जात नाही. सुकं गवत मात्र कायम समोर हवंच. रोज सकाळी पिंजऱ्याखालच्या ट्रेमधल्या लेंड्या बघ, बारीक किंवा ओल्या दिसल्या की चोथा बंद.