न्या. नवी पिल्ले यांचं सर्वांत मोठं काम कोणतं?

माझ्या मते अकायेसू खटला. 1994 च्या रवांडातल्या वंशसंहाराचे खटले चालवायला संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या रवांडा न्यायाधिकरणापुढे तो चालला; पिल्ले तिथे न्यायाधीश होत्या. रवांडातल्या ताबा गावचा प्रमुख ज्याँ-पॉल अकायेसू याच्या मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. साक्षीदार बायकांच्या जबानीतून तो पुढे आला आणि जून 1997 मध्ये आरोपपत्रात दुरुस्ती झाली. खंडपीठावर तीन न्यायाधीश, त्यांत पिल्ले एकट्या स्त्री. 2 सप्टेंबर 1998 च्या निकालाने एखादा समूह नष्ट करण्याच्या हेतूने केलेला बलात्कार हेही वंशसंहाराचंच कृत्य ठरवलं. असा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय निकाल! जबरदस्ती सिद्ध करायला मारहाण दाखवावीच लागत नाही, दहशतीची परिस्थिती पुरेशी असते, हेही त्यात स्पष्ट झालं. पुढच्या खटल्यांना याचाच आधार मिळाला.

पिल्ले मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनच्या, तमिळ वंशाच्या, बसचालकाची मुलगी. 1967 मध्ये नाताळ प्रांतात स्वतःची वकिली थाटणारी पहिली गौरेतर स्त्री. 1973 मध्ये रॉबेन बेटावरच्या राजकीय कैद्यांना वकील भेटण्याचा हक्क त्यांनीच मिळवून दिला. 1995 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या उच्च न्यायालयावर नेमणूक, नंतर रवांडा न्यायाधिकरण (1999 पासून अध्यक्ष), 2003 पासून हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, 2008 ते 2014 संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त.