प्रमेय पाठ, आकृती बरोबर, तरी पायथागोरसची गणितं का चुकतात?

तुमची मुलगी आकृती बरोबर काढते, कर्ण ओळखते, तरी उत्तर चुकतं, आणि त्याला तुम्ही ‘निष्काळजीपणा’ म्हटलंय. तो शब्द मला सहन होत नाही, म्हणून लिहितेय.

नववीच्या परीक्षेत मला भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं बांबूचं गणित आलं होतं. ३२ हात उंच बांबू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? उभा भाग क्ष, कर्ण ३२ − क्ष. मी मांडलं: क्ष² + १६² = (३२ − क्ष)². इथवर बरोबर. पुढे उजव्या बाजूला लिहिलं १०२४ − क्ष². त्यावरून क्ष² = ३८४, क्ष साधारण १९.६. शून्य गुण आणि लाल शाईत ‘निष्काळजीपणा’!

बाबांनी तेच ऐकवलं आणि गणित पुन्हा तपासायला बसवलं. चार वेळा तपासलं, चारही वेळा तेच उत्तर. येणारच. (२क्ष)² चे ४क्ष² होतात, मग वजाबाकीतही प्रत्येक पदाचा वेगळा वर्ग होतो अशी माझी खात्रीच होती. जे खरं वाटतं त्यात चूक दिसणार कशी? ‘तुझा कर्ण किती आला गं?’ एवढं कोणी विचारलं असतं तरी पुरे होतं. १२.४! म्हणजे १६च्या बाजूपेक्षा लहान. उजवी बाजू १०२४ − ६४क्ष + क्ष² अशी लिहिली असती तर क्ष १२ आणि कर्ण २० आला असता.

√(क्ष² + ९) चं क्ष + ३ करणं हीसुद्धा तीच चूक. तसं असतं तर कर्ण दोन बाजूंच्या बेरजेइतका झाला असता आणि त्रिकोणच उरला नसता.

शेवटी वर्गमूळ काढायचं राहणं, किंवा बाजू शोधताना वर्ग वजा करायचे सोडून मिळवणं, यात घाई असू शकते, हे मान्य. पण बाबा अजून म्हणतात, ‘नीट वाचलं असतंस तर सापडलं असतं.’ नसतं सापडलं.

मुलीला (३ + ४)² आणि ३² + ४² शेजारी शेजारी काढायला सांगा. ४९ आणि २५ येतील. मग ७ बाजूचा चौरस काढून मधले २४ तिलाच शोधू द्या. ३ × ४ चे दोन आयत तिथेच आहेत.