बदकांच्या शिकारीसाठी स्वस्त आणि भरवशाची पंप शॉटगन कोणती घ्यावी?

आपण विचारले आहे की ह्यूस्टनच्या पूर्वेकडच्या दलदलीत येत्या हंगामापासून बदकांची शिकार सुरू करायची आहे, खर्चाची मर्यादा ५०० डॉलर आहे, आणि सोबतचे जुने शिकारी सांगतात की साडेतीन इंची चेंबर (नळीतला काडतूस बसायचा भाग) नसलेली बंदूक घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. बंदूक कोणती, ते आधी सांगते. मॉसबर्ग ५०० ही पंप (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस बदलायची) बंदूक घ्या: १२ बोअर, तीन इंची चेंबर, २६ किंवा २८ इंची नळी, बदलता येणारे चोक (नळीच्या तोंडाशी बसणारे, छर्रे किती पसरावेत ते ठरवणारे तुकडे). तेवढेही जड जात असेल तर त्याच घराण्यातली मॅव्हरिक ८८ घ्या, जी साधारण अडीचशे डॉलरच्या आसपास मिळते आणि तिचे आतले यंत्र जवळपास तेच आहे. खरे उत्तर मात्र मला त्या साडेतीन इंचांना द्यायचे आहे, कारण हेच वाक्य मी याच किनाऱ्यावर अनेक हंगाम ऐकत आले आहे आणि ते ऐकून नव्या माणसांनी नको तिथे पैसे घालवलेले पाहिले आहेत.

साडेतीन इंची काडतूस कशासाठी आले, हे लक्षात घ्यावे. पाणपक्षी चिखलातले खडे समजून शिशाचे छर्रे गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे पूर्णपणे बंद झाले. त्याची जागा पोलादाने घेतली, पण शिशाची घनता ११.३ तर पोलादाची ७.८ च्या आसपास. म्हणजे त्याच आकाराचा पोलादी छर्रा हलका असतो आणि हवेत वेग लवकर गमावतो. त्यावर उपाय म्हणून छर्रा दोन क्रमांकांनी मोठा घ्यायचा, आणि मोठे छर्रे पुरेशा संख्येने भरायचे तर काडतूस लांब हवे, या हिशेबातून १९८८ मध्ये मॉसबर्गने ८३५ हे साडेतीन इंची मॉडेल आणले. त्या काळातली पोलादी काडतुसे मंद होती आणि तेव्हा हा हिशेब बरोबरच होता. आज तीन इंची काडतूस सव्वा औंस छर्रे सेकंदाला १४०० फुटांच्या वेगाने सहज फेकते. गरज ओसरली, पण दुकानांतला आणि ब्लाइंडमधला (शिकारीच्या आडोशातला) आग्रह तसाच राहिला.

माझ्या यजमानांचे एक जिवलग मित्र या आग्रहाचे मोठे पुरस्कर्ते. माझ्यापेक्षा कितीतरी आधीपासून ते इथे शिकार करत आहेत, त्यांच्याकडे माझ्या बंदुकीच्या चौपट किमतीची साडेतीन इंची सेमी-ऑटो (काडतूस आपोआप बदलणारी बंदूक) आहे, आणि माझा पंप दिसला की त्यांचे ठरलेले वाक्य येई, “वहिनी, हे शिकाऊ माणसाचे हत्यार आहे. यातून पक्षी नुसता जखमी होतो.” शेवटचे वाक्य मला लागले. पक्षी जखमी होऊन लव्हाळ्यात नाहीसा होणे ही शिकाऱ्याच्या हातून घडणारी सर्वांत वाईट गोष्ट आहे, असे मी मानते, आणि त्याचा आरोप बंदुकीच्या किमतीवरून कोणी करावा हे मला मान्य नव्हते. मी म्हटले, “भाऊजी, कागदावर बघू या.”

टील बदकांचा सप्टेंबरचा हंगाम सुरू होण्याआधी, ओळखीच्या एका भातशेतकऱ्याच्या परवानगीने, त्याच्या शेताच्या बांधाला आम्ही प्लायवूडची चौकट उभी केली आणि तिच्यावर सामान बांधायचा तपकिरी कागद ताणून लावला. खाडीवरचा वारा कागद फडफडवत होता, म्हणून घरून आणलेले कपडे वाळत घालायचे चिमटे चारी कडांना लावावे लागले. अंतर टेपने मोजून ४० यार्ड धरले. प्रत्येकाने आपण खरोखर शिकारीत वापरतो तेच काडतूस आणि तोच चोक वापरायचा, आणि प्रत्येक बाराला नवा कागद लावायचा, असे ठरले. नंतर कागद जमिनीवर अंथरून, छर्रे जिथे सर्वांत दाट पडले त्या जागेभोवती सुतळी आणि मार्करने ३० इंच व्यासाचे वर्तुळ काढायचे आणि आतले प्रत्येक भोक मोजायचे. मोजलेल्या भोकाशेजारी मी निळा ठिपका देत गेले, म्हणजे कोणतेही भोक दोनदा मोजले जात नाही.

त्यांच्या काडतुसात दीड औंस बीबी, म्हणजे दोन नंबरपेक्षा मोठे, छर्रे होते आणि नळीला अतिशय आवळ चोक. औंसाला साधारण ७२ बीबी छर्रे बसतात, म्हणजे संपूर्ण काडतुसात १०८. माझ्या तीन इंची काडतुसात सव्वा औंस दोन नंबरचे छर्रे होते, औंसाला १२५ प्रमाणे सुमारे १५६, आणि चोक मॉडिफाइड, म्हणजे मध्यम आवळ. मॅलार्डएवढ्या बदकासाठी त्या वर्तुळात निदान ८५ ते ९० छर्रे असावेत, असा सर्वमान्य दंडक आहे. माझ्या कागदांवर बारामागून बार नव्वदीच्या वरच आकडा येत राहिला आणि ठिपक्यांची पसरण सारखी होती. त्यांच्या कागदांवर सत्तरीच्या आसपास छर्रे, तेही एका बाजूला गोळा झालेले, आणि मधल्या मोकळ्या जागा इतक्या मोठ्या की टीलसारखे लहान बदक त्यातून पिसाला धक्का न लागता निघून जावे. पक्षी जखमी होतो तो अशाच विरळ जागेत, एखादा छर्रा लागून.

भाऊजी बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “कागद उडत नाही, वहिनी.” हे खरे आहे. उडत नाही म्हणूनच तो मोजता येतो, असे मी त्यांना तेव्हाही सांगितले आणि आजही सांगते. त्यांनी साडेतीन इंचात दोन नंबरचे छर्रे भरले असते तर संख्या १८७ च्या घरात गेली असती, हे मी मान्य करते. म्हणजे माझ्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने अधिक. पण त्या पाचव्या हिश्श्यासाठी सात-साडेसात पौंडांच्या पंपातून बसणारा धक्का खांद्याने सोसायचा, प्रत्येक काडतुसाला जास्त पैसे मोजायचे, आणि धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटायची सवय लावून घ्यायची, हा सौदा मला पटत नाही. गॅसवर चालणारी सेमी-ऑटो धक्क्याचा काही भाग पोटात घेते. पंप काहीच घेत नाही. आपण पंप घेणार आहात, तेव्हा तीन इंचांवर थांबा.

आता बंदूक अंगाला बसण्याविषयी, कारण ५०० डॉलरच्या आतल्या सर्व चांगल्या पंपांत खरा फरक इथेच पडतो. मी डावखुरी आहे. बहुतेक बंदुकांची सेफ्टी चापाजवळ आडवी असते आणि ती उजव्या हाताच्या बोटाच्या सोयीने बसवलेली असते. मॉसबर्ग ५०० ची सेफ्टी मात्र वर, दस्ता जिथे सुरू होतो तिथे अंगठ्याखाली असते, त्यामुळे हात कोणताही असो, बंदूक खांद्याला लावतानाच ती सरकवता येते. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत. मॅव्हरिकमध्ये ही सोय नाही, तिथे आडवीच सेफ्टी आहे. आपण उजवे असाल तर काही बिघडत नाही. दस्त्याची लांबी १४ इंचांच्या आसपास असते आणि ती बुटक्या किंवा आखूड हातांच्या माणसाला जाड जॅकेटवर लांब पडते. म्हणून दुकानात जाताना शिकारीचे जॅकेट घालून जा, बंदूक रिकामी असल्याची आधी खात्री करा, डोळे मिटून ती खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. नळीच्या टोकाचा मणी आपोआप डोळ्यासमोर यायला हवा. मान वाकवून किंवा ताणून तो शोधावा लागत असेल तर ती बंदूक, कितीही नावाजलेली असो, आपली नाही.

रेमिंग्टन ८७० विषयीही आपण विचारले आहे. १९५० च्या सुमारास आलेले हे मॉडेल उत्तम आहे आणि जुनी, नीट राखलेली विंगमास्टर (८७० चाच एक प्रकार) मिळाली तर ती जरूर घ्यावी. मात्र १९८६ च्या आधीच्या नळ्यांना चोक कायमचा बसवलेला असतो आणि त्यातल्या बऱ्याच फुल, म्हणजे आवळ, चोकच्या आणि पावणेतीन इंची चेंबरच्या असतात. त्यांतून मोठे पोलादी छर्रे उडवू नयेत. बेनेली नोव्हा ही बंदूक ५०० डॉलरच्या काठावर येते. तिचा दस्ता आणि मधला सांगाडा एकसंध पॉलिमरचा असल्याने खाऱ्या हवेत ती निश्चिंत राहते, पण दस्ता कमी-जास्त करायला फारसा वाव नाही.

पंपाचा एकच खरा दोष असतो आणि तो वापरणाऱ्याच्या हातात असतो: घाईत पुढची मूठ पूर्ण मागे ओढली जात नाही, रिकामे काडतूस बाहेर पडत नाही, आणि दुसरा बार अडतो. डमी (दारू नसलेली) काडतुसे घेऊन घरी सराव करा, मूठ जोर लावून शेवटपर्यंत मागे आणि तशीच शेवटपर्यंत पुढे, हाताला दुसरी सवयच उरू नये इतका. अनाहुआकच्या खाऱ्या दलदलीतून परतल्यावर त्याच संध्याकाळी नळी सुटी करून पुसा, मॅगझिनमधली (काडतुसे साठवायच्या नळकांड्यातली) स्प्रिंग बाहेर काढून वाळवा आणि तेलाचा पातळ हात फिरवा. सकाळवर टाकले तर तांबडे डाग दिसतात, मग बंदूक अडीचशेची असो की अडीच हजारांची.

उरलेल्या पैशांत काडतुसे घ्या आणि हंगामाआधी कागदावर उडवून पाहा. ४० यार्डांच्या पलीकडे बार टाकू नका. आपले मित्र साडेतीन इंचांवर अडून बसले तर त्यांनाही कागद लावायला सांगा, आणि त्यांनी मोजून दाखवल्याशिवाय एक डॉलरही जास्त खर्च करू नका.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मॅगझिनमध्ये लाकडी किंवा प्लास्टिकचा प्लग हवाच, कारण संघराज्याच्या नियमाने बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसे मावली पाहिजेत, आणि प्लग बंदूक न उघडता निघता कामा नये. राज्याच्या शिकार परवान्याबरोबर २५ डॉलरचे फेडरल डक स्टॅम्प (पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठीचे संघराज्याचे तिकीट) लागते. आपण एच-१बी व्हिसावर असाल तर बंदूक बाळगण्यास कायद्याने मनाई आहे; वैध शिकार परवाना हा तिला असलेला एक अपवाद, म्हणून परवाना हातात आल्यावरच दुकानात जा आणि त्याची मुदत संपू देऊ नका. राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, तेव्हा टेक्सासबाहेर गेल्यास तिथले पुन्हा तपासा. महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी एवढेच, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथे रानबदकांची शिकार हा गुन्हा आहे, आणि वरचे काहीही जायकवाडी किंवा उजनीच्या पाणवठ्यांना लागू नाही.