पहिलं बाळ येतंय, पॉलिसी दोन आहेत. बाळाला कव्हर नेमकं कधीपासून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पत्नीला सहावा महिना, पहिलंच बाळंतपण. कंपनीची ३ लाखांची ग्रुप पॉलिसी, त्यात तुमचे आईवडीलही आहेत. शिवाय तुम्हा दोघांची ५ लाखांची फ्लोटर (एकच रक्कम कुटुंबाने मिळून वापरायची पॉलिसी), तिला दोन वर्षं झाली. नियम बदललेत असं ऐकलंय, तर बाळ आपोआप कव्हर होईल का? दोन्हीकडे पैसे कशाला, फ्लोटर बंद करू का? आणि जाता जाता एका ओळीत लिहिलंय की बीड जिल्ह्यातल्या तुमच्या भावाच्या मुलीच्या हृदयाला छिद्र निघालंय आणि त्याच्याकडे कसलीच पॉलिसी नाही. माझ्या मते ती एक ओळ बाकी सगळ्यापेक्षा तातडीची आहे. तिच्यावर शेवटी सविस्तर लिहितोय, ते नक्की वाचा.

मी बरीच वर्षं एका खासगी रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवर (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) काम केलं, त्यामुळे हे प्रश्न पलीकडच्या बाजूने पाहिलेत.

आधी सरळ उत्तर. बाळ आपोआप कव्हर होत नाही. बहुतेक वैयक्तिक फ्लोटर पॉलिसी मूल ९१ दिवसांचं झाल्यावरच त्याला आत घेतात. पहिल्या दिवसापासून हवं असेल तर पॉलिसीत मॅटर्निटी आणि नवजात बाळाचं कव्हर लागतं, आणि त्याला वेगळा वेटिंग पीरियड असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर तेवढा काळ त्याचा क्लेम मिळत नाही. दोन-तीन वर्षांचा सर्रास, काही महागड्या प्लॅनमध्ये नऊ महिन्यांचा. तुमच्या फ्लोटरमध्ये हे कव्हर सुरुवातीपासून असेल आणि वेटिंग संपलं असेल तर उत्तमच, पॉलिसीचे कागद काढून बघा. नसेल तर सहाव्या महिन्यात काहीही नवं घेऊन या बाळंतपणाला उपयोग नाही. एजंट म्हणेल, 'सर, ॲड-ऑन टाकून देतो.' त्याला वेटिंगचं कलम पानासकट दाखवायला सांगा.

२०२४ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, जे बदल केले ते चांगले आहेत, पण या पहिल्या ९० दिवसांच्या फटीला त्यांनी हात लावलेला नाही. आणि कमी दिवसांचं बाळ, कमी वजन, कावीळ, श्वासाचा त्रास, जंतुसंसर्ग, म्हणजे बाळाला काचेत ठेवायची वेळ येते ती नेमकी याच दिवसांत. म्हणून तुमचा खरा आधार आहे कंपनीची पॉलिसी. ग्रुप पॉलिसीत साधारणपणे बाळंतपणाला वेटिंग नसतं आणि बाळ पहिल्या दिवसापासून घेतात. 'साधारणपणे' म्हणतोय, कारण प्रत्येक कंपनीने विमा कंपनीशी वेगळा सौदा केलेला असतो.

एचआरला आजच मेल टाका आणि लेखी उत्तर मागा. मॅटर्निटीची मर्यादा किती, नॉर्मलला आणि सिझेरियनला वेगळी आहे का, हे विचाराच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न लोक विचारतच नाहीत: बाळ आजारी पडलं तर त्याचा खर्च मॅटर्निटीच्या मर्यादेतून जाणार की कुटुंबाच्या पूर्ण ३ लाखांतून? या एका वाक्यावर एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) बिलाचं सगळं गणित अवलंबून असतं. मॅटर्निटीची मर्यादा ५०-७५ हजारांची असेल आणि बाळाचा खर्चही त्यातूनच असेल, तर सिझेरियन झाल्यावर बाळासाठी काही उरत नाही. बाळाचं नाव जन्मानंतर किती दिवसांत नोंदवायचं, तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी ३० दिवस असतात, काही ठिकाणी कमी. आणि तुमच्या ३ लाखांत आईवडीलही वाटेकरी आहेत. या वर्षात वडिलांचं काही ऑपरेशन झालं असेल तर शिल्लक किती आहे ते आत्ताच पाहून ठेवा, लेबर रूमच्या बाहेर उभं राहून नको.

आता डेस्कवरची नेहमीची फाइल सांगतो. केसपेपरवर नाव 'बेबी ऑफ सुनीता'. विम्याच्या यादीत सुनीता आहे, नवरा आहे, सासूसासरे आहेत, बाळ कुठेच नाही. बाळ काचेत, चौथा दिवस. प्री-ऑथ (कॅशलेस मंजुरीची विनंती) पाठवलं की टीपीएची क्वेरी येते: या नावाचा सदस्य पॉलिसीत नाही. बाप पार्किंगमधून एचआरला फोन लावतोय आणि नेमका शनिवार आहे. मग डिपॉझिट रोख भरा आणि नंतर रीइम्बर्समेंटच्या मागे लागा. बाळाचा आजार पॉलिसीत बसत होता, पैसेही होते, फक्त नाव चढवलेलं नव्हतं.

त्यामुळे जन्म झाला त्याच दिवशी मेल करा. जन्मतारीख, वेळ, मुलगा की मुलगी, आणि नावाच्या जागी केसपेपरवर जे आहे तेच, 'बेबी ऑफ' अमुक, अगदी त्याच स्पेलिंगने. बारशापर्यंत थांबू नका, नाव नंतर बदलून मिळतं. महापालिकेचा जन्म दाखला यायला वेळ लागतो, तोवर रुग्णालयाचं जन्माचं पत्र किंवा डिस्चार्ज समरी सहसा चालते. जुळी असतील तर दोन नोंदी, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

नव्या नियमांतलं तुमच्या कामाचं काय? मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला तीन तासांपेक्षा जास्त लावायचे नाहीत. उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने सोसायचे. फक्त हे घड्याळ सुरू होतं ते रुग्णालयाने कागद पाठवल्यापासून, डॉक्टरांनी सकाळी राउंडला 'आज घरी जा' म्हटल्यापासून नव्हे. संध्याकाळपर्यंत अडकून बसलेल्यांचा निम्मा दिवस रुग्णालयाच्याच बिलिंगमध्ये गेलेला असतो. म्हणून डेस्कवर जाऊन शांतपणे विचारा, 'फायनल बिल टीपीएला किती वाजता गेलं?' आणि ती वेळ लिहून घ्या. नुसतं विचारल्यानेही फाइल हलते.

आधीच्या आजारांसाठीचं वेटिंग आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे, पूर्वी ४८ होतं. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की माहिती लपवली असं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती. फ्लोटर बंद करू नका म्हणतोय त्याचं हे पहिलं कारण. तुमची दोन वर्षं जमा झालेली आहेत, ती फेकून पुन्हा शून्यापासून सुरुवात कशाला?

दुसरं कारण नोकरी. ग्रुप पॉलिसी राजीनाम्याबरोबर जाते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन करून मागची वर्षं जमा धरून घेता येतात, पण ते धावपळीचं काम आहे, आणि नोकरी गेलेल्या आठवड्यात ते कुणाला आठवत नाही. तिसरं कारण रक्कम: ३ लाख शहरातल्या एनआयसीयूला पुरतीलच असं नाही. बाळ ९१ दिवसांचं झालं की त्याला फ्लोटरमध्येही घाला. काही कंपन्या वर्षाच्या मध्ये घेतात, काही फक्त रिन्यूअलला. फॉर्ममध्ये बाळ काचेत होतं का असं विचारतील. होतं तर हो लिहा आणि डिस्चार्ज समरी जोडा. तिथे लपवलं तर पुढच्या क्लेमला तोच कागद तुमच्यासमोर येतो.

बिल एका पॉलिसीत मावलं नाही तर उरलेली रक्कम दुसरीतून घेता येते, अर्थात ज्याचा क्लेम त्याचं नाव तिथेही असेल तर. पहिल्या कंपनीने दुसरीशी बोलून ते मार्गी लावायचं असं याच सर्क्युलरमध्ये आहे, तरी बिलांच्या सर्टिफाइड कॉपी स्वतःजवळ ठेवा. आणि हप्त्याचं म्हणाल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय. २० हजारांच्या हप्त्यावर ३,६०० रुपये कर जात होता. रिन्यूअलच्या नोटिशीत मूळ हप्ता गुपचूप वाढलाय का तेवढं ताडून बघा. आईवडिलांपैकी कुणी सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांपर्यंत कव्हर आहे.

जन्मजात दोषांबद्दल दोन शब्द, म्हणजे भावाच्या विषयाकडे वळता येईल. पॉलिसीच्या भाषेत याचे दोन प्रकार: बाहेरून दिसणारे आणि आतले. फाटलेला ओठ, वाकडं पाऊल असे बाहेरचे दोष बहुतेक खासगी पॉलिसी वगळतात. हृदयाचं छिद्र आतल्यांत मोडतं, ते बऱ्याच पॉलिसींत बसतं, पण वेटिंग आणि अटी वाचाव्या लागतात. तुमच्या पुतणीला मात्र आता नवी पॉलिसी घेऊन हे ऑपरेशन करता येणार नाही, निदान झालेलं आहे. कुणी विकायला आलंच तर दारातूनच परत पाठवा.

तिला गरजही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आरबीएसके, याची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी, आणि जन्मजात दोष निघाला तर पुढचे उपचार शस्त्रक्रियेसकट मोफत. मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया यातून मोठ्या प्रमाणावर होतात, फाटलेले ओठ आणि वाकडी पावलंही यातच येतात. पॉलिसी जे वगळते तेच इथे मिळतं, आणि तरी हे पॉलिसीवाल्या घरांत कुणाला माहीत नसतं. भावाने अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला गाठून आरबीएसकेच्या पथकाचं नाव काढावं, किंवा थेट जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे मुलांमधले दोष लवकर हेरून उपचार करणाऱ्या केंद्रात, जावं. टू-डी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट आणि सीडी सोबत हवी, झेरॉक्सवर भागत नाही. ऑपरेशन लागेलच असंही नाही, काही लहान छिद्रं आपोआप बुजतात. ते बालहृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. पण 'पैसे नाहीत म्हणून नंतर बघू' असं त्याने ठरवू नये.

दुसरा रस्ता महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली तीच ही. आधी पिवळं-केशरी कार्ड आणि कुटुंबाला दीड लाख असं होतं. १ जुलै २०२४ पासून ती रेशनकार्डाचा रंग न पाहता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. माझ्या लेखी सामान्य घरासाठी गेल्या काही वर्षांतली सगळ्यात मोठी सुधारणा ही. आयआरडीएआयचे नियम ज्याच्याकडे पॉलिसी आहे त्याच्या कामाचे. तुमच्या भावाच्या घरी पांढरं कार्ड असलं तरी आता दार बंद नाही.

तक्रारीही खऱ्या आहेत. योजनेतल्या रुग्णालयात 'या आजारासाठी बेड नाही' असं ऐकू येतं, पॅकेजमध्ये असलेल्या औषधांची चिठ्ठी बाहेर लिहून देतात, अनामत मागतात. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, जेवण, घरी जायचं भाडंसुद्धा धरलेलं असतं. पैसे मागितले तर आधी आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलावर जायचं, तिथे दाद लागली नाही तर तिथूनच १५५३८८ ला फोन करायचा आणि तक्रार क्रमांक मागायचा. मुलीचं नाव रेशनकार्डावर चढवलेलं आहे का तेही त्याला आजच बघायला सांगा. नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज, आणि तोवर जन्म दाखला कायम पिशवीत. तिथेही फाइल अडते ती नावापाशीच.

भाऊ कुठे कारखान्यात कामाला असेल आणि पगारातून ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापली जात असेल तर तेही कळवा, मग वेगळा विचार करता येईल. आणि एचआरचं उत्तर आलं की मॅटर्निटी आणि 'न्यू बॉर्न'चं कलम जसंच्या तसं इथे टाका, पॉलिसी नंबर खोडून. वाचून सांगतो.