मात्रेला जागा दे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. सोयाबीन पेरणीवरची तुझी ए५ आकाराची १६ पानी पुस्तिका बारकाईनं पाहिली. चित्रं आणि रंग मनापासून आवडले. मजकूर मात्र गुदमरलाय, म्हणून आज त्याबद्दलच लिहितो.

१२ पॉइंटच्या (पॉइंट म्हणजे अक्षराचं माप) अक्षराला इनडिझाइन, म्हणजे आपलं पानं मांडायचं सॉफ्टवेअर, आपोआप १४.४ पॉइंट लीडिंग, म्हणजे ओळीपासून ओळीचं अंतर, देतं. रोमन लिपीला तेवढं पुरतं. आपल्या लिपीत उकार खाली उतरतो, रफार आणि वेलांटी वर चढतात. पाचव्या पानावर बघ, 'भुसभुशीत'चा उकार खालच्या ओळीतल्या 'वर्षी'च्या रफाराला टेकलाय. लीडिंग १७ कर आणि बेसलाइन ग्रिडही (ओळी ज्यांवर बसतात त्या अदृश्य रेघा) १७ वरच बांध. मजकूर वाढेल. सेंटर पिनच्या (मधल्या घडीवर पिना मारलेल्या) पुस्तिकेत पानं चारच्या पटीतच वाढतात, तेव्हा एकतर २० पानं कर नाहीतर मजकूर काप. लीडिंग चोरून जागा काढू नकोस.

काही जोडाक्षरं सुटी पडलीत, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर आलीय. हा फॉन्टचा दोष नाही. पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कम्पोझर' (आपल्यासारख्या लिपी नीट जुळवणारी सोय) निवड, आणि तो पॅराग्राफ स्टाइलमध्येच (परिच्छेदाच्या साठवलेल्या मांडणीत) ठेव, नाहीतर दर नव्या चौकटीत तेच दुखणं परत येईल. मथळ्याला दिलेलं ५० ट्रॅकिंग (अक्षरांमधली वाढीव जागा) काढून टाक. त्यानं शिरोरेषा तुटते आणि शब्द दाताच्या फटीसारखा दिसतो. मथळा मोठा हवा असेल तर आकार वाढव, जाडी वाढव. दोन कॉलमात ओळी दोन्हीकडून जस्टिफाय केल्यास (दोन्ही कडांना सरळ ताणल्यास) तर शब्दाशब्दांमध्ये खिंडारं पडतात. आपले शब्द लांब आणि कॉलम अरुंद. तिथं डावीकडून सरळ ओळ लाव.

आता सगळ्यांत जपायची गोष्ट. मजकूर जुन्या डीटीपी (संगणकावरच्या अक्षरजुळणीच्या) फॉन्टमधून युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण अक्षरसंचात, आणलेला दिसतो, कारण मुखपृष्ठावरच 'शेतकर्यांनी' छापलंय. हवं 'शेतकऱ्यांनी'. फाइंडमध्ये 'र्य' शोध, पण 'चेंज ऑल' (सगळे एकदम बदल) दाबू नकोस. 'सूर्य' आणि 'कार्य'सुद्धा बिघडतील. एकेक थांबून बघ. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. ज्याच्यासाठी पुस्तिका आहे त्या शेतकऱ्याचं नावच चुकीचं छापणं मला सहन होत नाही.

अकराव्या पानावरचा अळीचा फोटो व्हॉट्सॲपवरून घेतलेला वाटतो. लिंक्स पॅनेलमध्ये 'इफेक्टिव्ह पीपीआय' (छापील आकारात एका इंचात बसणारे पिक्सेल) वाच. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० पीपीआयला साधारण १३.५ सेंटिमीटरच भरतो; त्याहून ताणलास की अळीच्या अंगावरच्या रेषा पुसल्या जातात, आणि शेतकरी अळी ओळखतो ती त्याच रेषांवरून. मूळ फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागव.

मजकुराचा काळा फक्त के १००, म्हणजे एकट्या काळ्या शाईचा, ठेव. आरजीबीतला (पडद्याच्या रंगपद्धतीतला) काळा चार शाईंचा होतो, आणि रजिस्टर (शाया एकमेकींवर नेमक्या बसणं) केसभर सरकलं तरी अक्षराला रंगीत झालर येते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे जास्त होतं. कोरड्या हवेत कागदाच्या उघड्या रिमच्या (गठ्ठ्याच्या) कडा ओलावा सोडून आक्रसतात, कागद स्टॅटिकनं एकमेकांना चिकटतात. तुझी पुस्तिका पेरणीआधी, म्हणजे नेमकी त्याच दिवसांत छापली जाणार. हिरव्या पट्टीवर ८ पॉइंटची पांढरी अक्षरं आहेत, ती ११ ची आणि जाड कर. नाहीतर शाई भरून मात्रा बुजतील. ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग) ३ मिलिमीटर दिलंस, ते बरोबर.

प्रेसला देण्याआधी ए४ चे चार कागद मधोमध दुमड, १६ पानांची डमी (नमुना पुस्तिका) तयार. (२० पानं केलीस तर पाच.) पानांवर आकडे घाल, लेझर प्रिंट १०० टक्के आकारात काढून चिकटव. पडद्यावर २०० टक्के झूम केल्यावर सगळंच सुवाच्य दिसतं. पीडीएफ मात्र सुट्या पानांची दे, स्प्रेडची (समोरासमोरच्या जोडपानांची) नको. फर्मा लावणं, म्हणजे छपाईच्या मोठ्या कागदावर पानांचा क्रम बसवणं, प्रेसचं काम.

मग ती डमी परभणी-लातूरकडच्या एखाद्या साठीतल्या शेतकऱ्याच्या हातात दे, भर दुपारी, शेतात. 'कशी झालीय?' असं विचारू नकोस. 'किती पाऊस झाल्यावर पेरायचं?' एवढंच विचार. '७५ ते १०० मिलिमीटर' हा आकडा सापडेपर्यंत त्यांचं बोट कुठे-कुठे अडलं, ते टिपून मला कळव.

तुझा,
सस्नेह