‘जबरदस्तीनं भरवायचं काय, मॅडम?’

“जबरदस्ती केली तर पोरगी आणखी हट्टाला पेटेल की. आधी तिच्या मनात काय आहे ते काढा, मग जेवणाचं बघू.” बारीक होण्याच्या ध्यासानं जेवण तोडायचा आजार (अ‍ॅनोरेक्सिया) झालेली मुलंमुली माझ्याकडं उपचाराला येतात, त्यांच्या घरून हे वाक्य हमखास येतं. या वेळी बोलणारे होते बेळगावच्या वडगावात माग चालवणारे एक वडील. मुलगी सोळाची, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला. (ओळखीचे तपशील बदललेत.)

एसएसएलसीच्या (दहावीच्या) सुट्टीत “जरा बारीक होते” म्हणून सुरुवात. आधी गोड बंद, मग भात, मग संकष्टी, मंगळवार, एकादशी. आजीला नातीचं कौतुकच वाटलं. उपास म्हटल्यावर आपल्याकडं अडवणार कोण? पाळी थांबली, भर उकाड्यात पोरगी स्वेटर घालून बसू लागली, तेव्हा आई हादरली.

मी त्यांना आधी डॉक्टरांकडं धाडलं. नाडी पन्नाशीच्या खाली होती, म्हणून काही दिवस दाखल व्हावं लागलं. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट वाढलं तर रक्तातलं फॉस्फरस घसरून जिवावर बेतू शकतं, त्यामुळं ही पायरी चुकवायची नसते. वजनाचा आकडा मुद्दाम लिहीत नाही. आजारी मुली असल्या आकड्यांशी पैज लावतात.

सुरुवातीच्या वर्षांत मीही ‘मनात काय आहे’ ते महिनोन्‌महिने शोधत बसायची. तोवर मुलगी वाळतच जायची. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात ३६ धडधाकट तरुण एका प्रयोगासाठी स्वखुशीनं सहा महिने अर्धपोटी राहिले होते. तेही उदास झाले, चिडचिडे झाले, ताटापुढं तास तास रेंगाळू लागले. उपाशी माणसाला मनातलं विचारून काय हाती लागणार?

आता मी लंडनच्या मॉड्स्ले हॉस्पिटलात १९८०च्या दशकात आकाराला आलेली पद्धत वापरते. दोष कुणाचाच काढायचा नाही. ताटात काय नि किती, ते आई-वडील ठरवणार. वजन सावरलं की हळूहळू तो हक्क मुलीकडं परत. कॉलेज, मैत्रिणी, रुसवेफुगवे त्यानंतर. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२१ मुलांच्या अमेरिकी चाचणीत उपचार संपून वर्ष झाल्यावर या वाटेनं गेलेली जवळपास निम्मी पूर्ण बरी होती. एकट्या मुलाशी बोलून केलेल्या उपचारात साधारण पाव. उरलेली निम्मी पूर्ण बरी झाली नव्हती, हेही मी घरच्यांना सांगते.

दुसऱ्या भेटीला डबा घेऊन यायला सांगितलं होतं. आईनं अर्धी भाकरी वाढली, तीही कोरडी. “बरी असताना किती खायची?” “दोन. वर लोणी.” “मग?” आईचे डोळे भरले. “ताट भिरकावलं तर?” दुसरी भाकरी वडिलांनीच उचलून वाढली. पोरगी नखाएवढे तुकडे करत बसली, एक तुकडा ताटाच्या काठाखाली सरकवला. मी काही बोलले नाही. भरवणं माझं काम नव्हे. मी आईला फक्त तिच्या शेजारी सरकून बसायला सांगितलं. रागावणं नाही, विनवण्या नाहीत, “एवढा घास खा” एवढंच, पुन्हा पुन्हा. पाऊण तासानं तिनं स्वतः ठरवल्यापेक्षा एक घास जास्त खाल्ला. तो घास पोरीपेक्षा आईबापाला जास्त गरजेचा होता.

आता जबरदस्तीचं. हात धरून तोंडात कोंबणं ही जबरदस्ती, ती करायची नाही. पण तापात कडू औषध द्यायला आपण पोराची परवानगी मागत नाही, तसं समोरचं संपेपर्यंत उठायचं नाही, एवढं ठाम राहायचं. भांडण आजाराशी, पोरीशी नव्हे. धाकट्या भावाला सांगितलं, तू पहारा करायचा नाही, जेवल्यावर तिच्याशी कॅरम खेळायचा.

तिसऱ्या आठवड्यात ताट खरंच भिरकावलं गेलं. वडील ओरडले, मग रात्री मला फोन करून स्वतःच रडले. दुसऱ्या दिवसापासून दुपारी माग बंद ठेवून ते जेवायला घरी येऊ लागले. त्या महिन्यात साड्या कमी निघाल्या.

सातव्या महिन्यात पाळी परत आली. गेल्या भेटीत निघताना पोरीनं विचारलं, “आई, पुढची संकष्टी धरू?” आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. चपला घालता घालता म्हणाली, “औंदा नाही.”