पाण्याखाली दिशा कशी धरायची?

प्रश्न : गेल्या वर्षी मी स्कूबा डाइव्हिंगचा ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स केला. नुकतंच अंदमानात डाइव्ह करताना बोट डावीकडे आहे अशी माझी पक्की खात्री होती, पण जोडीदाराचा कंपास भलतीकडेच दाखवत होता. मला वाटलं, कंपासच बिघडलाय. वर आलो तर तोच बरोबर! गावात, घाटात मी कधी वाट चुकत नाही. मग पाण्यातच असं का होतं? – एक वाचक, पुणे

उत्तर : जमिनीवर आपण लांबचं बघून आणि आवाज कुठून येतोय ते ऐकून वाट धरतो. पाण्यात दोन्हींचा आधार सुटतो. मास्कमधून वस्तू आहे त्यापेक्षा साधारण पाव हिश्शाने जवळ भासते. आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने येतो आणि दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच पडतो, त्यामुळे बोटीचं इंजिन चहूबाजूंनी वाजल्यासारखं वाटतं. समोर खूण नसली की माणूस नकळत एका अंगाला वळत जातो, आणि तरीही सरळच चाललोय असं त्याला शपथेवर वाटत असतं. म्हणून पाण्यात ‘मला वाटतं’ बाजूला ठेवायचं आणि सुईचं ऐकायचं.

माझ्या मते निम्मं काम उडी मारायच्या आधी बोटीवरच होतं. आमच्या मालवणात मी प्रत्येक विद्यार्थ्याला आधी विचारतो : किल्ला कुठे, किनारा कुठे, ऊन कुठल्या खांद्यावर? मग तांडेलाला विचारायला लावतो, भरती आहे की सुकती आणि पाणी कुठे ओढतंय? किनाऱ्याकडे कंपास धरून आकडा पाटीवर लिहायचा. आमचा किनारा पूर्वेला आहे, म्हणजे काहीच सुचेनासं झालं तरी पूर्व धरली की जमिनीकडे जाता येतं. अंदमानात हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) बेटाच्या ज्या अंगाला उतराल तसा हा आकडा बदलेल.

आणखी एक, बोटीचं तोंड खूण म्हणून धरू नका. वारा-पाणी फिरलं की नांगरावरची बोटही फिरते. खाली पोचलात की नांगराजवळ क्षणभर थांबा. खोली किती, शेजारचा खडक कसा आहे, ते बघून घ्या. आणि पायातल्या फिनांचे चार फटके मारून झाले की मागे वळून तोच खडक पुन्हा बघा. परतताना तुम्हाला त्याची ही बाजू दिसणार असते, आणि ती पहिल्या बाजूसारखी मुळीच दिसत नाही. एवढी साधी गोष्ट, पण नवखे लोक ती हमखास विसरतात.

कंपास मनगटावर असेल तर दुसरा हात समोर ताठ करा आणि कंपासच्या हाताने त्याचं कोपर धरा. कंपास छातीसमोर येतो, त्याची रेघ अंगाच्या मध्यरेषेत बसते. तो सपाट हवा, कलला की सुई अडकते. स्टीलचा टँक किंवा जोडीदाराचा कंपास अगदी जवळ आला तरी सुई ढळते. जायचं 60 अंशावर, तर परतीचं 240. 310 वर गेलात तर 130. सुईकडे टक लावून पोहू नका. त्या रेषेत दिसेल तेवढ्या लांबचा एखादा दगड हेरा, तिथे पोचा, मग पुढचा हेरा.

सुरुवात शक्यतो ओढीच्या विरुद्ध करा, म्हणजे दमल्यावर पाणीच परत आणतं. तळाला वाळू असेल तर तिच्यावरच्या लाटांच्या वळ्या बहुधा किनाऱ्याला समांतर असतात, आणि किनाऱ्याकडे खोली कमी होत जाते. अंतरासाठी 30 मीटर दोरी मोजून टाका आणि नेहमीच्या चालीने किती फिन लागतात ते मोजा. दोन्ही पाय एकेकदा मारले की एक.

कंपासचा सराव तर मैदानातही होतो. डोक्यावरून टॉवेल घ्या, फक्त कंपास दिसू द्या, तीस पावलं चाला, नव्वद अंश वळा, असे चार वेळा. निघालात त्याच जागी परत आलात का बघा. सोबत कुणाला तरी ठेवा, नाहीतर झाडावर आपटाल.

तरीही वाट सुटलीच, तर भराभर शोधत फिरू नका. हवा पुरेशी असतानाच सावकाश वर या, 5 मीटरवर 3 मिनिटं थांबा, खुणेचा फुगा वर सोडा. बोट दिसली की तिच्याकडे कंपास धरा आणि वरूनच पोहत जा. जोडीदारच दिसेनासा झाला, तर जास्तीत जास्त मिनिटभर शोधायचं आणि वर यायचं. हे उडीआधीच दोघांनी बोलून ठेवायचं.

प्रश्न : महागडा डिजिटल कंपास घ्यावा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : शिकताना तेल भरलेला साधा सुईचा घ्या. डिजिटल चांगलाच असतो, पण त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे दिशा पुन्हा जुळवून घेणं, वेळोवेळी करावं लागतं. ऑस्ट्रेलियातून कुणी आणून देत असेल तर आधी चौकशी करा, दक्षिण गोलार्धासाठी तोललेली सुई आपल्याकडे अडखळू शकते. दुकानातच सपाट धरून पूर्ण गोल फिरवून बघा, मग थोडा कलवून पुन्हा फिरवा. सुई कुठे घासली, तर दुसरा मागा.